सोनोग्राफीत सगळं दिसतं?

२०१९ साली बांगलादेशातल्या जशोर भागात एक विशीतली बाई मुलगा झाल्यानंतर २६ दिवसांनी जुळ्यांची आई झाली. तिला दोन गर्भाशयं होती आणि पहिलं बाळंतपण होईपर्यंत तिची एकदाही सोनोग्राफी झाली नव्हती. जगभर ‘चमत्कार’ म्हणून गाजलेल्या बातमीत हा तपशील मात्र मागे पडला.

पण सोनोग्राफी केली की सगळं कळतंच, हाही गैरसमज. गर्भाशय घडतं ते दोन नळ्या जुळून आणि मधली भिंत विरून. नळ्या नीट जुळल्या नाहीत तर ते दोनशिंगी किंवा दुहेरी होतं. भिंत उरली तर आत पडदा राहतो. शंभरात पाच-सहा बायकांमध्ये असं काही ना काही असतं. दोनशिंगी की पडदा, हे ठरतं गर्भाशयाच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेवरून. एक्स-रेवर बीजवाहक नळ्या तपासताना फक्त आतली पोकळी दिसते, बाहेरची कड नाही. ती कड थ्रीडी सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये स्पष्ट होते.

वेळही महत्त्वाची. सुरुवातीच्या आठवड्यांत आकार ओळखू येतो. पुढे वाढत्या गर्भाने गर्भाशयाची पिशवी ताणली की तो झाकला जातो. पाचव्या महिन्यातला ‘नॉर्मल’ अहवाल बाळाबद्दल बरंच सांगतो, पिशवीच्या घडणीबद्दल फारसं नाही.

खरी गफलत होते पिशवीच्या कोपऱ्यात. पडद्याच्या एका बाजूला रुजलेला गर्भ नळीच्या तोंडाशी असल्यासारखा दिसतो आणि चांगली गर्भधारणा ‘नळीतली’ ठरू शकते. उलट चूक जास्त घातक: कधी गर्भाशयाची एक बाजू अर्धवटच वाढते, आणि अशा शिंगातल्या गर्भाभोवती स्नायू असतो, म्हणून तो पिशवीतच आहे असं वाटतं. असं शिंग बहुधा मधल्या तिमाहीत फुटतं आणि पोटात प्रचंड रक्तस्राव होतो. म्हणून गर्भ असलेली पोकळी गर्भाशयमुखापर्यंत सलग जाते का, हे सोनोलॉजिस्टने तपासायलाच हवं.

या तपासण्यांना घाबरायला नको. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने गर्भपात होत नाही. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. गॅडोलिनियमचं इंजेक्शन मात्र गरोदरपणात टाळतात.

पडदा दिसला की कापायचाच, असंही नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या गटात ३१ टक्के, तर न झालेल्या गटात ३५ टक्के जणींना जिवंत मूल झालं. स्त्रिया जेमतेम ८० होत्या, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

आणखी एक: पिशवीची घडण वेगळी निघाली की मूत्रपिंडंही पाहून घ्यावीत. काही जणींना, विशेषतः एकशिंगी (एकच बाजू पूर्ण वाढलेली) पिशवी असलेल्यांना, जन्मतःच एकच मूत्रपिंड असतं.