कागद काळा कोणी केला?

सगळ्या अहवालांत तेल उत्तीर्ण होतं. विजेचा दाब पेलण्याची ताकद उत्तम, पाण्याचा अंश नगण्य, आम्लता नव्या तेलाइतकी. रंग फिकट पिवळा, आणि बाटलीआड वर्तमानपत्र धरलं तर वाचता यावं इतकं नितळ. आणि तरीही या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्राझीलमधले ५०० केव्हीचे रिअ‍ॅक्टर एकामागून एक निकामी होत होते. जुनाट, मोडकळीला आलेले नव्हेत. ज्यांचं निम्मं आयुष्यही सरलं नव्हतं असे.

कागदोपत्री तेल निर्दोष होतं. यंत्र उघडलं तेव्हा काळा पडला होता तो कागदच.

हा कागद कुठला, ते आधी सांगायला हवं. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गावाकडे त्याला ‘डीपी’ म्हणतात, आणि ती जळली किंवा रात्रीत कोणी तिचं तेल काढून नेलं की शिवारातले पंप बंद पडतात, एवढा तिचा परिचय सगळ्यांना असतो. तिच्या पोटात लोखंडी गाभ्याभोवती तांब्याची वेटोळी असतात. शेजारशेजारच्या वेढ्यांमध्ये वीज उडी मारू नये म्हणून तांब्याच्या पट्टीवर क्राफ्ट कागद गुंडाळतात, आणि हा सगळा ऐवज तेलात बुडवून ठेवतात. तेल उष्णता वाहून नेतं आणि कागदाच्या धाग्याधाग्यात मुरून निरोधनाचं कामही करतं. तेल बिघडलं तर गाळता येतं, बदलता येतं. वेटोळ्यातला कागद बदलता येत नाही. म्हणून रोहित्राचं वय म्हणजे कागदाचं वय, हे या धंद्यातल्या नवशिक्यालाही पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं.

शंट रिअ‍ॅक्टर हा रोहित्राचाच भाऊ. शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिनीवर भार कमी असला की दूरच्या टोकाला विजेचा दाब उगाचच चढतो. तो खाली ओढून धरायचं काम रिअ‍ॅक्टर करतो. ब्राझीलची मोठी धरणं एकीकडे आणि शहरं भलतीकडे, त्यामुळे तिथं अशा लांबलचक वाहिन्या पुष्कळ. रोहित्राला रात्री भार कमी झाला की जरा उसंत मिळते. रिअ‍ॅक्टर मात्र जोडला त्या क्षणापासून पूर्ण क्षमतेनं राबतो आणि सदैव गरम असतो. कोणतंही संथ विष आधी त्याच्यात भिनणार, हे आज सांगणं सोपं आहे.

तेव्हा मात्र संशयाला जागाच सापडत नव्हती. अशा यंत्रांची नाडी तेलावरूनच बघतात. आत ठिणगी उडत असेल तर तेलात अ‍ॅसिटिलीन विरघळलेला सापडतो, तेल कुठं भाजत असेल तर इथिलीन, कागद करपत असेल तर कार्बन मोनॉक्साइड. १९७० च्या दशकात कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेकच्या मिशेल डुव्हाल यांनी तीन वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखणारा त्रिकोण मांडला, तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. त्याआधी, १९२१ मध्ये, जर्मनीतल्या माक्स बुखहोल्झ यांनी वायूचे बुडबुडे साचले की घंटा वाजवणारा रिले बनवला होता. एवढे पहारेकरी असूनही या यंत्रांनी शेवटच्या घटकेपर्यंत हू की चू केलं नाही. वायू नाही, घंटा नाही. आणि मग एकदम स्फोटच.

निकामी वेटोळं उलगडताना जे दिसलं ते असं. कागदाचे थर एकेक करून सोलत जायचे. बाहेरचे थर तेलकट पिवळसर, जसे असायला हवेत तसे. आत जावं तशी करडी झाक येते. आणि तांब्याला चिकटलेला थर काळा, त्यावर पेन्सिलीच्या शिशासारखी धातूची चकाकी. हा जळका काळेपणा नव्हे. जळलेला कागद बोटात चुरतो, हा चुरत नव्हता. कागदाच्या धाग्यांत काहीतरी येऊन बसलं होतं. तपासणीत ते कॉपर सल्फाइड निघालं, म्हणजे तांबं अधिक गंधक. ते वीज बऱ्यापैकी वाहू देतं. वीज अडवायला ठेवलेल्या पडद्यातच विजेची पायवाट तयार होत होती. दोन वेढ्यांमधली पायवाट पुरी झाली की खेळ संपला.

आता गंधक हा काही नवा आरोपी नव्हता. पैंजण काळे पडतात ते त्याच्यामुळेच, आणि खनिज तेलात तो कच्च्या तेलापासूनच कमीअधिक असतो. १९४८ मध्येच अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या क्लार्क आणि राब या दोघांनी रोहित्राच्या तेलातला उपद्रवी गंधक कसा ओळखावा यावर निबंध लिहिला होता. त्यातून आलेली तांब्याच्या पट्टीची चाचणी अर्धशतकाहून अधिक काळ चालू होती. चाचणी साधी आणि देखणी आहे. तांब्याची बोटाच्या पेराएवढी पट्टी घासून लखलखीत करायची, व्ही आकारात दुमडायची, आणि त्यानंतर तिला बोट लावायचं नाही, कारण घामाचा डागही निकाल फिरवतो. बाटलीत तेल भरून पट्टी सोडायची, नायट्रोजन फुंकून हवा घालवायची, बूच लावायचं आणि १४० अंश सेल्सियसला १९ तास भट्टीत ठेवायचं. बाहेर काढल्यावर पट्टी नारिंगी, तांबूस, जांभळट, अगदी मोरपिशी झाली तरी चालेल. काळी किंवा गडद करडी झाली तर तेल नापास.

ब्राझीलमधल्या यंत्रांत गेलेलं तेल या चाचणीत पास झालेलं होतं. गंधक निर्दोष सुटला होता, तोही रीतसर दाखल्यासह.

मला या सगळ्या हकिकतीतली ही जागा फार आवडते. पुरावा आरोपीकडे बोट दाखवतोय आणि कायदा म्हणतोय की तो त्या गावात नव्हताच. अशा वेळी बहुतेक लोक पुराव्यावर शंका घेतात. अमेरिकेतल्या डोबल इंजिनिअरिंगच्या लान्स लिवांड यांनी चाचणीवर शंका घेतली. २००२ च्या सुमारास ते याविषयी लिहू-बोलू लागले. यंत्राच्या पोटात तेल तांब्याशी १९ तास नव्हे, वर्षानुवर्षं संसार करतं. मग भट्टी थोडी तापवून मुक्काम वाढवला तर? १५० अंश, ४८ तास. जुन्या परीक्षेत सुखरूप पास झालेली कितीतरी तेलं या नव्या परीक्षेत पट्टी काळी करून बाहेर आली. पुढं अमेरिकी मानकानं ही पद्धत स्वीकारली.

पण दुसरी उणीव त्याहून मोठी होती, आणि ती इतकी उघड्यावर होती की कोणाच्या डोळ्यात भरली नव्हती. चाचणीच्या बाटलीत तेल होतं, तांबं होतं. कागदच नव्हता! घात कागदावर होत होता आणि जबानी तांब्याची घेतली जात होती. म्हणून पट्टीवर कागद गुंडाळूनच तिला तेलात शिजवायच्या चाचण्या आल्या. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानं ‘आयईसी ६२५३५’ हे मानक काढलं. चिमुकल्या कुपीत १५ मिलिलीटर तेल, कागदात गुंडाळलेली तांब्याची पट्टी, १५० अंश आणि ७२ तास. शेवटी कागद सोडवून भिंगाखाली बघायचा.

गुन्हा सिद्ध झाला, पण गुन्हेगाराचं नाव अजून हाती नव्हतं. गंधक म्हणजे एक व्यक्ती नाही, खटलंच आहे. तेलात त्याची नाना प्रकारची संयुगं असतात. काही तांब्याला तत्काळ डसतात, काही जन्मभर निरुपद्रवी राहतात. इतकंच नव्हे, काही तर तेलाला हवेमुळे आंबू देत नाहीत, म्हणजे उपकारकच. त्यामुळे तेलातला एकूण गंधक मोजून काहीच कळत नव्हतं. भरपूर गंधक असलेलं तेल साळसूद निघे आणि कमी असलेलं घातकी.

ओळखपरेड झाली ती इटलीत. तूरिनजवळची सी मार्कोनी ही कंपनी, इटलीच्या वीजवाहिन्या सांभाळणारी तेर्ना आणि रोमचं विद्यापीठ यांतल्या रिकार्दो माइना, फाबियो स्कातिज्जो, वांदेर तुमियात्ती, मास्सिमो पोंपिली आदींनी संशयित तेलं गॅस क्रोमॅटोग्राफमधून काढली. या यंत्रात केसासारख्या बारीक, लांब नळीतून तेलाचे घटक धावतात आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. खनिज तेलात हायड्रोकार्बनांची इतकी गर्दी असते की साध्या नजरेला नुसता एक ढिगारा दिसतो. पण गंधकाची संयुगं नेमकी टिपणारे शोधक लावले की गर्दी बाजूला होते. संशयित तेलांत एकच शिखर पुनःपुन्हा वर येत होतं. २००६ च्या आसपास त्याचं नाव जाहीर झालं : डायबेंझिल डायसल्फाइड, लाडकं नाव डीबीडीएस.

दोन बेंझिल गट आणि त्यांच्या मध्ये एकमेकांचे हात धरून उभे असलेले गंधकाचे दोन अणू. फुगडीच म्हणा ना. थंड तेलात हात घट्ट असतात. उष्णता वाढत गेली की पकड सुटते. मग हा रेणू तांब्याशी सलगी करतो, तांब्याचा अणू तेलात विरघळवून आपल्याबरोबर कागदात नेतो आणि तिथं मोडून पडतो. मागं उरतं कॉपर सल्फाइड. तांब्याचा पृष्ठभाग वरवर ठीक दिसत असतानाही कागद काळा का होतो, याचं हे उत्तर. स्वच्छ तेलात डीबीडीएस मुद्दाम मिसळून पाहिलं, तर तेही तेल कागद काळे करू लागलं.

संशयित तेलांत हे द्रव्य साधारण किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅम असे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पन्नास टन तेलाच्या मोठ्या रोहित्राचा हिशेब मांडला तर पाच ते दहा किलो.

आणि ते आलं कुठून? कच्च्या तेलातून नव्हे. ते घातलेलं होतं. तेलाचं ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य म्हणून डीबीडीएस उपयोगी पडतं, आणि म्हणूनच त्या तेलांच्या चाचण्यांचे आकडे इतके सुरेख येत. डीबीपीसी हे नेहमीचं द्रव्य घातलं तर तसं जाहीर करावं लागतं. या पाहुण्याचं नाव पिंपावरच्या पत्रकात नव्हतं. ज्या गुणामुळे तेलाला शाबासकी मिळत होती, त्याच गुणानं कागद मारला. उत्पादकांची नावं घेण्यात मला रस नाही. पण काय घातलं हे सांगण्याची सक्ती नसलेलं मानक ज्यांनी लिहिलं, त्यांच्याकडेही थोडा दोष जातोच.

उपाय निघाला तो तात्पुरता. ट्रायाझोल कुळातलं एक द्रव्य किलोमागे १०० मिलिग्रॅम घातलं की तांब्यावर पातळ कवच धरतं आणि डीबीडीएसला तांबं सापडत नाही. याच कुळातलं रसायन संग्रहालयांत प्राचीन कांस्यमूर्ती वाचवायला वापरतात. धंद्यात याला पॅसिव्हेटर म्हणतात. मात्र आधीच काळा पडलेला कागद त्यानं उजळत नाही, आणि काळाच्या ओघात ते तेलातून कमी होत जातं, म्हणून त्याचंही मोजमाप ठेवावं लागतं. तेल सरसकट बदललं तरी कागदात मुरलेलं जुनं तेल थोडं थोडं झिरपत नव्यात येतंच.

२०१२ मध्ये नव्या तेलाच्या ‘आयईसी ६०२९६’ या मानकात डीबीडीएस किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे व्यवहारात शून्य, असं लिहिलं गेलं. आपलं ‘आयएस ३३५’ २०१८ मध्ये त्याच धर्तीवर बदललं. पण मानक नव्या पिंपासाठी असतं. नव्वदच्या दशकापासून २००६ च्या आसपासपर्यंत भरलेलं तेल पोटात घेऊन उभी असलेली रोहित्रं अजून घरघरताहेत. दर वर्षी त्यांचं सॅम्पल जातं आणि अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये साठ-सत्तर केव्ही सहज पेलल्याचा शेरा परत येतो. बीडीव्ही, म्हणजे विजेचा दाब पेलण्याची ताकद, उत्तम. त्या आकड्यात डीबीडीएस दिसत नाही.

तुमच्या कारखान्यात, साखर कारखान्यात किंवा उपकेंद्रात त्या काळातलं, सतत भारावर चालणारं मोठं रोहित्र असेल, तर पुढच्या सॅम्पलच्या बाटलीवर नेहमीच्या चाचण्यांखाली डीबीडीएस आणि पॅसिव्हेटर ही दोन नावं तेवढी लिहून पाठवा.