राष्ट्राध्यक्षांचे ग्रंथालय-संग्रहालय : संकल्पना आणि महाराष्ट्रातील नेत्यांचे कागद

प्रस्तावना

राज्यकर्त्याची कारकीर्द संपल्यावर त्याची पत्रे, टिपणे व दैनंदिनी कोणाच्या मालकीची, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या काळाचा इतिहास पुढील पिढ्यांना किती उपलब्ध होईल हे अवलंबून असते. अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षांची ग्रंथालय-संग्रहालये याच प्रश्नातून उभी राहिली. प्रस्तुत लेखात त्या संकल्पनेचे स्वरूप व महाराष्ट्राच्या संदर्भातील तिचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

संकल्पना व विकास

या संस्थांच्या नावात 'ग्रंथालय' असले तरी त्यांचा गाभा अभिलेखागार हा आहे. मुद्रित ग्रंथाच्या अनेक प्रती असतात. हस्तलिखित पत्र बहुधा एकच असते. म्हणून असे कागद ज्या कार्यालयातून आले त्याच्या मूळ क्रमाने ठेवले जातात. क्रम मोडला की कोणत्या पत्राला कोणते उत्तर गेले व निर्णय कोणत्या टप्प्यावर बदलला, हे कळेनासे होते. वस्तुसंग्रहालय सामान्य प्रेक्षकासाठी, तर अभिलेख विभाग संशोधकासाठी असतो.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे असे पहिले ग्रंथालय उभारून आपले कागद राष्ट्राला दिले. त्यातील संग्रहालय १९४१ मध्ये खुले झाले. १९५५ च्या कायद्याने या पद्धतीस मान्यता मिळाली. तथापि कागद देणे ऐच्छिकच होते. वॉटरगेट प्रकरणानंतर ही उणीव उघड झाली. १९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे कार्यालयीन अभिलेख राष्ट्राच्या मालकीचे ठरविले व २० जानेवारी १९८१ पासून ही तरतूद लागू झाली. दानाची जागा कर्तव्याने घेतली.

भारतातील स्थिती

दिल्लीतील तीन मूर्ती भवनात १९६४ मध्ये नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय सुरू झाले. २०२३ मध्ये त्याचे नाव प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असे झाले. अनेक नेत्यांचे खासगी कागद तेथे जतन केलेले आहेत. शासकीय कागदांसाठी १९९३ चा केंद्रीय आणि २००५ चा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. मात्र नेत्याच्या घरातील पत्रे व दैनंदिनी यांचा निर्णय प्रायः वारसांवर अथवा विश्वस्तांवरच सोपविलेला असतो.

यशवंतराव चव्हाण यांचे उदाहरण

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री झाले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धकाळात त्यांनी दैनंदिनी लिहिली. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी तिच्या आधारे सिद्ध केलेला ग्रंथ २००७ मध्ये प्रकाशित झाला. युद्धापासून त्यास ४२ वर्षे लोटली होती आणि यशवंतरावांच्या निधनासही २३ वर्षे झाली होती. कराड येथील 'विरंगुळा' हे त्यांचे निवासस्थान व वेणूताई चव्हाण स्मारकातील त्यांचा ग्रंथसंग्रह यांमुळे त्यांचे वाचन व राहणी यांचे दर्शन घडते. परंतु निर्णयप्रक्रियेचा शोध घेण्यास अशा दैनंदिनीचीच गरज असते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९५६ मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परिणामी या भागाच्या इतिहासाची साधने एका ठिकाणी नाहीत. निजामकालीन फारसी-उर्दू कागदांसाठी अभ्यासकास हैदराबादच्या राज्य अभिलेखागाराकडे, तर नंतरच्या कागदांसाठी महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाकडे वळावे लागते. स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरांतील पत्रव्यवहार तर कोणत्याच सूचीत येत नाही.

याच जिल्ह्यातील तेर येथे मात्र अनुकरणीय उदाहरण आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी निष्ठेने जमविलेल्या प्राचीन वस्तूंचा संग्रह आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात सर्वांना पाहता येतो. वस्तूंच्या बाबतीत जे घडले ते कागदांच्या बाबतीतही घडू शकते.

निष्कर्ष

राष्ट्राध्यक्षांच्या ग्रंथालयांपासून घ्यावयाचा धडा भव्य इमारतीचा नसून मालकीच्या स्पष्टतेचा आहे. नेत्याच्या हयातीतच त्याच्या कागदांची सूची करणे, ते कोणत्या संस्थेकडे जातील हे लेखी ठरविणे आणि किती वर्षांनी ते खुले होतील याची मुदत नोंदविणे, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. महाविद्यालयांचे इतिहास विभाग आपापल्या तालुक्यात हे कार्य हाती घेऊ शकतात. वाळवी व ओल मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहत नाहीत.