सांधेदुखीचा रुग्ण कोणाकडे पाठवावा?

रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविण्याचा निर्णय वैद्य एका वाक्यात सांगतो. रुग्णाच्या मनात मात्र तेथूनच शंकांची मालिका सुरू होते. हेच डॉक्टर माझ्या दुखण्याचे आहेत ना? तेथे जाऊन, तपासण्या करून, पुन्हा दुसरीकडेच जावे लागले तर? बुडणारी मजुरी, प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्याची रजा यांचा हिशेब करणाऱ्या रुग्णाची ही चिंता निराधार नव्हे. संधिशूलाच्या रुग्णांत तर ती अनेकदा खरी ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात या एका लक्षणापुरता संदर्भ सेवेचा विचार केला आहे.

रुग्ण अन्य तज्ज्ञाकडे सोपविणे हे वैद्यास कमीपणा आणणारे नाही. पक्व गुल्मात शस्त्रकर्माचा अधिकार धान्वन्तर संप्रदायाचा आहे, असे चरकसंहितेत स्पष्ट सांगितले आहे. नेत्ररोगांचा विस्तारही तो पराधिकाराचा विषय म्हणून आचार्यांनी टाळला आहे. अधिकार कोणाचा हे ओळखणे हा चिकित्सेचाच भाग होय.

स्थानावरून नव्हे, स्वरूपावरून

सांधा दुखतो म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ, अशी लोकांची सरळ समजूत असते. संधिगतवातात, म्हणजे झिजेच्या विकारात, ती योग्यच आहे. परंतु जेथे मूळ विकृती सर्वदेहगत असून सांधे हे केवळ तिचे अधिष्ठान असते, तेथे रुग्ण संधिवाततज्ज्ञाकडे, म्हणजेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जावयास हवा. माधवनिदानात स्वतंत्र अध्यायात वर्णिलेला आमवात हे याचे परिचित उदाहरण. आमवात आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांचे तंतोतंत समीकरण मांडता येत नाही; तथापि आमवाताची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णात या व्याधीची शंका घेणे आवश्यक आहे.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांनीच बरेचसे व्यवच्छेदक निदान होते. झिजेच्या विकारात सकाळचा जखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, श्रमाने वेदना वाढते आणि विश्रांतीने शमते. दाहजन्य विकारात जखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक, पुष्कळदा तासभर वा त्याहून जास्त टिकतो आणि हालचालीने कमी होतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये मनगटे, मुठीचे सांधे आणि बोटांची मधली पेरे बहुधा दोन्ही बाजूंस सुजतात. टोकाची पेरे प्रायः सुटतात. उपशयानुपशयही पाहावा. तैलाभ्यंगाने त्रास वाढणे आणि वालुकास्वेदाने बरे वाटणे हे सामतेचे सूचक आहे.

शीघ्र संदर्भासाठी २००२ साली प्रसिद्ध झालेले निकष चिकित्सालयात सहज वापरता येण्याजोगे आहेत: तीन किंवा अधिक सांध्यांना सूज, हाताच्या मुठीच्या अथवा पायाच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची रांग आडवी दाबली असता वेदना, आणि सकाळी अर्धा तास वा अधिक जखडलेपणा. यांपैकी एकही आढळल्यास विलंब करू नये.

विलंबाचे मूल्य

या व्याधीत अनेक रुग्णांच्या सांध्यांची कायमची हानी पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. आरंभी क्ष-किरण चित्र मात्र स्वाभाविक असू शकते. अशा वेळी केवळ ‘हाडात दोष नाही’ असे उत्तर घेऊन रुग्ण परततो, वेदनाशामकांवर महिने काढतो आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. आर. ए. फॅक्टर ऋण आला म्हणूनही व्याधी नाही असे ठरत नाही. काही रुग्णांत ही तपासणी ऋणच राहते. म्हणून ईएसआर, सीआरपी व अँटी-सीसीपी यांचा विचार लक्षणांच्या जोडीनेच करावा.

संधिवाततज्ज्ञ आजही मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी प्रथम एम. डी. मेडिसिन झालेल्या फिजिशियनकडे पाठविणे व्यवहार्य ठरते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एकच सांधा अकस्मात सुजला, तप्त झाला आणि सोबत ज्वर असेल, तर सांध्यातील पूयसंक्रमणाची शंका घेऊन त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. कटिशूलासह मूत्र-मलावरील नियंत्रण गेल्यास किंवा दोन्ही पायांत दौर्बल्य आल्यासही तसेच करावे.

चिठ्ठी आणि दोन शब्द

‘संधिशूल, कृपया तपासावे’ एवढी चिठ्ठी अपुरी आहे. तिच्यात प्रश्न असावा. उदाहरणार्थ: ‘स्त्री, वय ३८. दहा आठवड्यांपासून दोन्ही हातांच्या लहान सांध्यांत शोथ; सकाळी एक तास जखडलेपणा; ईएसआर वाढलेला. दाहजन्य संधिविकार आहे काय, याविषयी मत द्यावे.’ अशा चिठ्ठीमुळे रुग्ण अनवधानाने दुसऱ्या विभागात गेला तरी तेथील डॉक्टर त्यास योग्य जागी वळवू शकतात. दिलेली औषधे, विशेषतः रसकल्प, नावानिशी लिहावीत. यकृत व वृक्क यांच्या तपासण्यांचा अर्थ लावताना त्यांचा उपयोग होतो.

रुग्णास तीन गोष्टी सांगाव्यात: कोणत्या शंकेसाठी पाठवीत आहोत, तेथे कोणत्या तपासण्या होणे संभवते आणि शंका खरी न ठरल्यास पुढे काय करावयाचे. ‘तेथे काही निघाले नाही तरी कागद घेऊन माझ्याकडे या’ हे वाक्य अवश्य सांगावे. विकार नाही असे कळणे हेही निदानातील एक पाऊल आहे, हे रुग्णास आधी ठाऊक असेल तर तो फेरी फुकट गेली असे मानत नाही आणि उपचार अर्ध्यावर सोडत नाही.