ब्रेकचा कॅलिपर केव्हा बदलावा?

दिल्ली मेट्रोचे काही डबे जिथे बांधले गेले, त्या गुजरातमधील सावली गावाजवळ मंजुसरच्या रस्त्यावर परवा एका स्नेह्यांची मोटार पाहिली. ब्रेक दाबताच ती डावीकडे ओढत होती आणि त्याच बाजूचे चाक हात लावू नये इतके तापले होते.

पेडल दाबताच ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनला पुढे रेटतो, दोन्ही पॅड फिरत्या डिस्कला चिमट्यासारखे आवळतात, आणि पाय उचलल्यावर पिस्टनभोवतीचे पीळ बसलेले रबरी सील पूर्ववत होताना त्याला किंचित मागे खेचते.

पॅड असे सुटले नाहीत, तर चाक तापते व गाडी ओढते. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या असल्यास सफाई व योग्य ग्रीस बहुधा पुरते. परंतु पिस्टनवर गंजाचे खड्डे पडून ऑइल पाझरू लागले, तर कॅलिपर बदलण्यात कसूर करू नये.

ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते व त्यातून असा गंज धरतो, म्हणून ते साधारण २ वर्षांनी बदलावे.