थुंकलेल्या आठळीतली झोप

बोरं खाल्ली की आठळीचं काय करता? थुंकता ना! मीही तेच करायचे. पण आपल्या बोराचं एक चिनी भावंड आहे, रानटी, काटेरी आणि भलतंच आंबट. त्याची आठळी चीनमध्ये औषधासाठी जपून ठेवतात. ती फोडून आतला चपटा, तपकिरी दाणा काढतात. त्याचं नाव सुआन-झाओ-रेन.

सुमारे 1800 वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाचे वैद्य होऊन गेले. अंग थकलंय, जीव तगमगतोय, पण डोळा काही लागत नाही, अशा माणसासाठी त्यांनी एक काढा लिहून ठेवला. आठ मापं पाण्यात हे दाणे उकळायचे. पाणी सहा मापं उरलं की आणखी चार वस्तू घालायच्या. त्यात ज्येष्ठमध आहे आणि पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशीसुद्धा! तीन मापं उरेपर्यंत आटवायचं आणि तीन वेळा गरम गरम प्यायचं. किती नेमकं लिहिलंय बघा. (तुम्ही मात्र आठळ्या फोडून खाऊ नका हं, औषध वैद्यांनीच द्यायचं.)

या दाण्यातली द्रव्यं दिल्यावर प्रयोगशाळेतले उंदीर जास्त वेळ झोपले. माणसांवरचे मोठे, काटेकोर प्रयोग मात्र अजून थोडेच झालेत.

पण झोपेसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर पोटात आहे!

2004 साली शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 12 तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपायला दिले. मग त्यांचं रक्त तपासलं. आपल्या रक्तात दोन निरोपे फिरत असतात. घ्रेलिन सांगतं, ‘भूक लागली!’ आणि लेप्टिन सांगतं, ‘बास, पुरे!’ हेच तरुण दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात होते, तेव्हाच्या मानानं जागरणानंतर घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलेलं होतं आणि लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलेलं. भूक वाढली आणि मन धावलं गोड, खारट पदार्थांकडे. त्याआधी 1999 साली त्याच विद्यापीठात सहा रात्री असंच जागरण झालं, तेव्हा रक्तातली साखर उचलायलाही शरीराला जास्त वेळ लागू लागला होता.

झांग वैद्यांना घ्रेलिन ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी फक्त न झोपलेला माणूस नीट पाहिला होता.

गणपतीच्या आराशीसाठी रात्रभर जागलात, तर सकाळी तुम्हीही बघा: हात आधी कुठल्या डब्याकडे जातो? लाडवांच्या की चिवड्याच्या?