छोटी गोल्फ दुकानं ऑनलाइनमुळे बुडतात?

गैरसमज : इंटरनेटवर स्वस्त मिळतं, म्हणून अमेरिकेतली छोटी गोल्फ दुकानं बंद पडतात.

वस्तुस्थिती : हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की भाव तपासायची तसदीच कुणी घेत नाही. नव्या ड्रायव्हरची, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबची, किंमत वेबसाइटवर पाहा, मग दुकानात विचारा. बहुधा एकच निघेल. मोठ्या कंपन्या किमान जाहिरात-किंमत ठरवून देतात आणि त्याखालचा भाव जाहीर करणाऱ्याचा माल रोखू शकतात. किमान विक्री-किंमत ठरवणंही सरसकट बेकायदा नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये लीगिन खटल्यात दिला. मग नव्या मालात भावाची लढाई उरतेच किती?

दुकानदार मरतो तो पडून राहिलेल्या मालामुळे. हंगामाआधी ऑर्डर नोंदवून तो भांडवल अडकवतो. वर्ष-दोन वर्षांत नवं मॉडेल येतं, जुन्याचा भाव उतरतो, नफा तिथेच संपतो. वर तीच कंपनी ग्राहकाला थेटही विकते. आकाराने मोठं असणंही इथे पुरत नाही. शंभरावर दुकानांची गोल्फस्मिथ ही साखळी सप्टेंबर 2016 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्या महिनाभर आधी नायकेने क्लब, चेंडू आणि बॅगांचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. डिक्स या क्रीडासाहित्याच्या साखळीने तर 2014 मध्येच दुकानांतल्या शेकडो गोल्फ प्रशिक्षकांना कामावरून काढलं. पण असा जाणकार सल्ला देणारा माणूस हीच छोट्या दुकानाची खरी ताकद आहे.

आणखी काही गैरसमज :

‘गोल्फ संपत चाललाय.’ नॅशनल गोल्फ फाउंडेशनच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये अमेरिकेत 53 कोटींहून अधिक फेऱ्या खेळल्या गेल्या.

‘अंगाच्या मापाने क्लब जुळवणं, म्हणजे फिटिंग, व्यावसायिकांसाठीच.’ क्लबची लांबी, शाफ्टची लवचीकता आणि डोक्याचा कोन अंगाला जुळला नाही, तर नवख्याचाही चेंडू भरकटतो.

‘नवा ड्रायव्हर हमखास लांब मारतो.’ ड्रायव्हरच्या डोक्याच्या आकारमानावर आणि स्प्रिंगसारख्या उसळीवर यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांची मर्यादा आहे.

दुकानात तासभर माप देऊन, सल्ला ऐकून, क्लब दुसरीकडून मागवणं हा त्या दुकानावर अन्याय आहे. फिटिंग जिथे कराल, क्लब तिथेच घ्या. नाहीतर फिटिंगचे पैसे तरी चुकते करा.