बाटली, लेथ आणि न्यायमूर्ती ट्रेनर

कॅलिफोर्नियातल्या एका रेस्टॉरंटमध्ये ग्लॅडिस एस्कोला ही वेट्रेस कोका-कोलाच्या बाटल्या एकेक करून फ्रिजमध्ये ठेवत होती. तीन ठेवून झाल्या. चौथी हातातच फुटली. हाताला पाच इंचांची खोल जखम झाली.

१९४४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची नुकसानभरपाई कायम केली. निकालाचा आधार होता कंपनीचा निष्काळजीपणा. न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी मात्र स्वतंत्र मत नोंदवलं: सदोष माल बाजारात आणणाऱ्यानेच भरपाई द्यावी, निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकावर नको. इजा झालेल्या एकट्या माणसाला जो खर्च बुडवतो, तो उत्पादक विमा काढून आणि किमतीत सामावून पेलू शकतो.

ट्रेनर यांचा जन्म १९०० सालचा, युटामधल्या पार्क सिटी या खाणींच्या गावातला. आईवडील आयर्लंडहून आलेले, वडील खाणकामगार. बर्कलीत त्यांनी १९२७ सालापर्यंत डॉक्टरेट आणि कायद्याची पदवी मिळवली आणि तिथेच कायदा शिकवला. १९४० मध्ये गव्हर्नर ओल्सन यांनी त्यांना थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं; त्याआधी ते कधीच न्यायाधीश नव्हते. तिथे गव्हर्नरने नेमलेल्या न्यायमूर्तीला पदावर ठेवायचं की नाही, याचा कौल मतदार देतात. ट्रेनर तीस वर्षं टिकले, शेवटची सहा सरन्यायाधीश म्हणून.

बाटलीच्या खटल्यातलं मत १९६३ मध्ये कायदा झालं. ग्रीनमन नावाच्या गृहस्थांना पत्नीने सुतारकामाचं यंत्र भेट दिलं होतं. त्यावर लेथकाम करताना लाकूड उडून त्यांच्या कपाळावर आदळलं. या वेळी ट्रेनर यांचा निकाल संपूर्ण न्यायालयाचा होता, आणि पुढे देशभरातल्या न्यायालयांनी तेच तत्त्व उचललं.

१९४८ चा निकाल अधिक धाडसी होता. आंद्रेया पेरेझ मेक्सिकन वंशाची, कायद्याच्या लेखी गोरी. सिल्वेस्टर डेव्हिस कृष्णवर्णीय. लॉस एंजेलिसमध्ये त्यांना विवाह परवाना नाकारला गेला. चार विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने आंतरवंशीय विवाहबंदी रद्द केली आणि मुख्य निकालपत्र ट्रेनर यांनी लिहिलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला त्याच निष्कर्षाला यायला १९६७ साल उजाडलं.

स्वतःचा निकाल फिरवायलाही ते कचरले नाहीत. पोलिसांनी बेकायदा मिळवलेला पुरावा ग्राह्य धरावा, असं त्यांनीच १९४२ मध्ये लिहिलं होतं. पण अशा पुराव्यांचे खटले येतच राहिले. एका प्रकरणात तर पोलिसांनी घरात शिरून मायक्रोफोन लपवले होते. इतर उपाय निष्फळ ठरलेत हे ओळखून १९५५ मध्ये त्यांनी असा पुरावा नाकारायचा नियम घालून दिला. १९६१ मध्ये तो सगळ्या राज्यांना बंधनकारक झाला.